'सावकारी पाश' : मुके चित्र आणि बोलका कागद

पाश्चात्त्य मूकपटांत घरगुती कलहाचे मूळ शोधू गेल्यास ते बहुधा दोन ठिकाणी सापडते : एक मृत्युपत्रात, दुसरे लबाडीच्या लग्नात. 1927 सालच्या 'द कॅट अँड द कॅनरी' या चित्रात एका धनिकाचे मृत्युपत्र त्याच्या मरणानंतर वीस वर्षांनी उघडले जाते, आणि जमलेल्या आप्तांच्या मनांतील विष बाहेर पडते. ग्रिफिथच्या 'वे डाउन ईस्ट' (1920) मध्ये एका भोळ्या मुलीस खोट्या विवाहविधीने नाडले जाते. या कथांतील प्रश्न, कोणास काय मिळावयाचे, हा असतो. आमच्याकडील मूकपटांत ज्या सामाजिक चित्राचे नाव सर्वांत आदराने घेतले जाते, त्या 'सावकारी पाशा'त मात्र प्रश्न मिळण्याचा नाहीच. वाडवडिलांनी कसलेले हातचे जाण्याचा आहे.

नारायण हरी आपटे यांच्या कथेवरून बाबूराव पेंटर यांनी हे चित्र 1925 साली कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार केले. एक शेतकरी सावकाराच्या कर्जात सापडतो, जमीन गमावतो आणि शहरात जाऊन गिरणीत मजूर होतो, एवढीच कथा. तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. 'सैरंध्री' (1920) व 'सिंहगड' (1923) यांसारखी पौराणिक-ऐतिहासिक चित्रे काढणाऱ्या हातांनी गाडग्यामडक्यांचा संसार पडद्यावर आणावा, हे त्या काळी नवलच होते. या मूकपटाची प्रत आज उपलब्ध नाही. अभिनयाच्या बारकाव्यांविषयी आज कोणी छातीठोकपणे बोलू लागल्यास ती कल्पनेची भरारी समजावी. परंतु कथेची मांडणी, चित्राचे नाव व त्या काळचा प्रेक्षक यांवरून जे ठरविता येते, ते थोडे नाही.

या चित्रास हिंदुस्थानातील पहिले वास्तववादी चित्र म्हणण्याची प्रथा पडली आहे. आमच्या मते हे कौतुक खरे असले तरी अपुरे आहे. झोपडी झोपडीसारखी दिसली, एवढ्याने वास्तव सिद्ध होत नाही. वास्तवाची कसोटी ही की, मनुष्य कशाने मरतो हे लेखकास कळले आहे काय? शेतकऱ्यास मारणारी वस्तू कागद होय. तो कागद त्याला वाचता येत नाही, आणि त्याच्यावर उठलेला अंगठा मात्र त्याचाच असतो.

येथे मूकपटाच्या जातीचाच एक विलक्षण योग जुळून येतो. मूकपटात पात्रांचे बोलणे पाट्यांवर लिहून दाखवीत. एकेका पाटीवर अनेक भाषांतील अक्षरे असत. प्रेक्षकांतील बहुतेकांस अक्षरओळख नव्हती. जवळ बसलेला एखादा साक्षर मोठ्याने वाची, आणि त्याच्या मुखाने इतरांस कथा कळे. म्हणजे ज्यास खत वाचता येत नाही अशा कुळाची कथा ज्यांस पाटी वाचता येत नाही असे लोक पाहत होते. पडद्यावरील शेतकरी जसा सावकाराच्या वाचनावर अवलंबून, तसाच खुर्चीवरचा वा जमिनीवरचा प्रेक्षक शेजाऱ्याच्या वाचनावर. फरक एवढाच की, शेजाऱ्याच्या मनात कपट नव्हते. निरक्षरतेचे दुःख इतक्या जवळून सांगण्याची संधी पुढे बोलपटास उरली नाही.

या कागदाचा इतिहास आमच्या प्रदेशाच्या उंबरठ्यावर घडलेला आहे. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर उठाव केला, आणि तो अहमदनगर जिल्ह्यात पसरला. त्या दंग्यांचा विशेष असा की, जमावाचा रोख माणसांपेक्षा रोख्यांवर होता. खते हिसकावून त्यांची होळी करण्यात आली. सरकारला 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. परंतु तो गोदावरीच्या पलीकडचा. अलीकडे, आज छत्रपती संभाजीनगर म्हणविणारा औरंगाबाद जिल्हा निजामाच्या राज्यात होता. तेथे इंग्रजांच्या कायद्याची छाया नव्हती, कर्ज मात्र दोन्ही तीरांवर सारखेच वाढत होते.

पुत्राने पित्याचे ऋण फेडावे ही धर्मशास्त्राची आज्ञा आहे. मुंबई इलाख्यात 1866 च्या कायद्याने हे दायित्व वारशाने आलेल्या मिळकतीपुरते मर्यादित केले. पित्याच्या ऋणासाठी केवळ धर्मकर्तव्य म्हणून पुत्रावर दावा करण्याची वाट तर पुढे 2005 साली बंद झाली. मुलीचे लग्न, बापाचे दिवस, बैलाची जोडी, अशा कारणांनी काढलेले कर्ज नातवाच्या पदरी पडे. पाश्चात्त्य नाट्यात वारसा हे भांडणाचे निमित्त असते. आमच्याकडे तोच गळफास होतो. 'मदर इंडिया' (1957) मध्ये सासूने लग्नासाठी काढलेल्या पाचशे रुपयांवरून सारा संसार कसा उद्ध्वस्त होतो, हे वाचकांस स्मरत असेल. त्या वाटेवर पहिले पाऊल कोल्हापूरकरांचे होते.

या चित्रावर एक आक्षेप घेण्यासारखा आहे. सारा दोष सावकाराच्या माथी मारल्याने कथा सोपी होते. अमेरिकेतील यादवी युद्ध संपताच उतरलेला कापसाचा भाव, वाढविलेला शेतसारा आणि सावकाराच्या बाजूने धावणारी दिवाणी कोर्टे, यांना चेहरा नसतो. आणि नाट्यास तर चेहरा हवा. हा भडक नाट्याचा मूळचाच दोष होय. तथापि कथेचे नाव 'सावकार' नसून 'सावकारी पाश' आहे, हे विसरता कामा नये. पाश मनुष्याच्या हाती असला तरी मनुष्याहून निराळा असतो. नायकास गिरणीच्या दारी नेऊन सोडण्यातही हेच भान दिसते : गावचा सावकार मागे राहिला, तरी सुटका झालेली नाही.

पेंटरांनी 1936 साली शालिनी सिनेटोनसाठी हीच कथा बोलपटात पुन्हा काढली. चित्रपटनिर्माते जे. बी. एच. वाडिया यांनी लिहून ठेविले आहे की, मूळ मूकपट त्यांस अंधुक आठवत होता, पण बोलपटातील एका दृश्याने ते भारून गेले : अंधुक उजेडात दुरून घेतलेली एक उदास झोपडी, आणि तिच्यावर केवळ कुत्र्याचे रडणे. ही साक्ष आम्हांस मोलाची वाटते. आवाज हाती आला तेव्हाही या चित्रकाराने अशा क्षणी मनुष्यास बोलावयास लावले नाही. ज्याच्या बोलण्यास कोर्टात किंमत नाही, त्याच्या तोंडी भाषण घालणे त्यांस खोटे वाटले असावे.

पुढील वर्षी, 1937 साली, आपट्यांच्याच 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून प्रभातने 'कुंकू' काढला. दिग्दर्शक होते बारा वर्षांपूर्वीचे ते तरुण शेतकरी, शांताराम. मामाच्या आश्रयास असलेली मुलगी म्हाताऱ्या विधुराशी फसवून लावली जाते. परंतु ती त्यास पती मानण्यास साफ नकार देते. एका कथेत जमिनीचा व्यवहार, दुसऱ्या कथेत मुलीचा. दोहोंतही ज्याच्या जिवाचा सौदा, त्याला कोणी विचारलेले नाही. अंगठा उठविणाऱ्या शेतकऱ्यास जे म्हणता आले नाही, ते नीरा म्हणते. दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहिल्याखेरीज आपट्यांचे मोठेपण पुरते ध्यानात यावयाचे नाही.

सावकारीत बळकावलेली जमीन मूळ मालकास परत देण्याची तरतूद महाराष्ट्राच्या 2014 च्या कायद्यात आहे. अशी तरतूद चित्र निघाल्यावर एकोणनव्वद वर्षांनी करावी लागली, यावरून त्या चित्रास विषय कोठे सापडला होता हे उमगते. फीत नाहीशी झाली. तिचा विषय शिल्लक आहे. नव्या लेखकांनी तो उचलताना पेंटरांचे एवढे तरी घ्यावे : दुःखिताच्या तोंडी आपली भाषणे घालू नयेत, आणि कॅमेऱ्याची दृष्टी त्या कागदावरून ढळू देऊ नये.