घरमुख आणि विहार : वरणगाव परिसरातील विहारवास्तूंविषयी काही विचार

विहार कसे दिसावे, हा प्रश्न विहार कशासाठी असावे या प्रश्नापासून वेगळा करता येत नाही, असे आम्ही मानतो. वरणगाव, भुसावळ आणि आसपासच्या गावांतील विहारवास्तूंकडे पाहताना आम्ही हीच कसोटी लावू इच्छितो.

या विहारांच्या दर्शनी भागात काही अंगे पुनःपुन्हा आढळतात. प्रवेशद्वारावर पिंपळपानाच्या आकाराची कमान, स्लॅबवर स्तूपाकृती घुमट व त्यावर छत्र, समोर सांचीच्या धर्तीची वेदिका, लोखंडी जाळीत आठ आऱ्यांचे धम्मचक्र आणि खांबांवर सिमेंटचे कमळ. ही चिन्हे कोठून आली, हे उघड आहे. ज्या समाजाला शतकानुशतके गावकुसाबाहेर राहावे लागले, त्याने १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपली वास्तू दुरून ओळखता यावी अशी इच्छा धरली आणि रोजच्या कमाईतून वर्गणी काढून ती पूर्ण केली. या स्वाभिमानापुढे आम्ही नतमस्तक आहोत. तथापि चिन्ह घेताना त्याचे कार्य मागे राहिले, असे आमचे निरीक्षण आहे.

वरणगावहून एका दिवसात जाऊन परत येता येईल अशा अजिंठ्याचे उदाहरण घेऊ. तेथील लेणे क्रमांक १० हे इ. स. पूर्वीचे चैत्यगृह आहे. त्याच्या दर्शनी कमानीवर एक लहानसा ब्राह्मी लेख असून वासिठीपुत्र कटहादी याने 'घरमुख' दान दिल्याची नोंद त्यात आहे. घरमुख म्हणजे घराचा चेहरा. आज आपण ज्याला चैत्यगवाक्ष म्हणतो, ते मूळ दात्याच्या भाषेत घराचे तोंड होते. त्या तोंडातून प्रकाश आत येई, अष्टकोनी स्तंभांच्या ओळींमधून पुढे सरके आणि टोकाच्या स्तूपावर पडे. कमानीचा आकार लाकडी बांधणीतून आला, तिची भव्यता प्रकाशाच्या गरजेतून आली. चाळीसगावजवळच्या पितळखोऱ्यातही हाच विवेक दिसतो. तेथील विहाराच्या जोत्यावर कोरलेली हत्तींची रांग जणू साऱ्या वास्तूचा भार पाठीवर पेलते. अलंकार तेथे वास्तूचा अर्थ सांगतो.

आता आपली कमान पाहावी. पुष्कळ ठिकाणी तिच्या आत विटांची भिंत असते व त्यावर गिलावा करून रंग दिलेला असतो. घराला चेहरा आहे, पण डोळे मिटलेले आहेत. आत दिवसाही दिवा लावावा लागतो. खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि वैशाखी पौर्णिमा बहुधा त्याच दिवसांत येते. दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळी वंदनेच्या वेळी ती उष्णता खाली सोडतो. लेकरे घेऊन आलेल्या उपासिका बाहेर अंगणात बसतात, आणि ज्या सभागृहासाठी वर्गणी दिली ते रिकामे राहते.

यावर कोणी म्हणेल की अजिंठ्यातच गवाक्षाचा अलंकार झाला. हे खरे आहे. पाचव्या शतकातील लेणे क्रमांक १९ च्या दर्शनी भागावर लहान लहान गवाक्षे केवळ शोभेसाठी कोरली आहेत. परंतु त्यांच्या मधोमध मोठे गवाक्ष उघडे आहे आणि त्यातून प्रकाश आजही आत जातो. परंपरेत बदल करू नये, असेही आमचे म्हणणे नाही. प्राचीन स्तूप भरीव असे व त्याची प्रदक्षिणा बाहेरून होई. नागपूरच्या दीक्षाभूमीवर २००१ साली लोकार्पण झालेला स्तूप आतून पोकळ ठेवला गेला, कारण तेथे माणसांना आत यायचे होते. रूप बदलले, पण त्या बदलाला प्रयोजन होते. आमचा आक्षेप प्रयोजनशून्य अनुकरणावर आहे.

नवे विहार बांधू पाहणाऱ्या किंवा जुन्याची दुरुस्ती काढणाऱ्या समित्यांनी मिस्त्रीला केवळ छायाचित्र देऊ नये. कमान उघडी ठेवून तिला जाळी बसवावी. अजिंठ्याच्या विहारांना पुढे पडवी आहे आणि खानदेशातील जुन्या धाब्याच्या घरांना ओसरी होती. ही सावली दोन्ही परंपरांतून आपल्याला मिळालेली आहे, ती विहाराला द्यावी. प्राचीन विहारात मधल्या मंडपाभोवती भिक्खूंच्या खोल्या असत. आपण सभागृहालगत निदान एक खोली काढावी. तीत ग्रंथ ठेवावेत आणि घरी जागा नसलेल्या विद्यार्थ्यांनी तेथे अभ्यास करावा. शिक्षणाला अग्रस्थान देणाऱ्या बाबासाहेबांच्या अनुयायांना याहून मोठा अलंकार सुचविण्याची आवश्यकता नाही. निधी अपुरा पडला तर घुमट पुढच्या वर्षावर टाकावा, ती खोली टाकू नये.