‘तांबी’ बसविताना : धीराच्या भाषेविषयी

गर्भाशयात ठेवावयाच्या ताम्रयुक्त साधनास मराठीत ‘तांबी’ हे नाव रूढ झाले आहे. नाव घरगुती आणि क्रियापदही तसेच : नळ बसवावा, चूल बसवावी, तशी तांबी ‘बसवितात’. ह्या शब्दयोजनेत गर्भाशयमुख चिमट्याने धरणे, शलाकेने आतील खोली मोजणे आणि मग साधन आत सोडणे ह्या तिन्ही क्रिया लोपतात; त्यांबरोबर वेदनाही लोपते. ज्या वेदनेला नाव नाही, तिची दखल कोण घेणार?

र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालविले. शरीराविषयी मराठीत स्पष्ट बोलण्याची जी वाट त्यांनी पाडली, तिच्यावरून पुढील प्रचारवाङ्मय फारसे चालले नाही. १९६५ साली देशात लूपची मोहीम सुरू झाली. पहिला उत्साह सरताच रक्तस्राव, वेदना व साधन निसटणे ह्या तक्रारींनी ती ओसरली. उद्दिष्टांचे आकडे पुरे करण्याच्या घाईत स्त्रीशी बोलणे मागे पडले, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही.

आज धीराचे वाक्य एकच ऐकू येते : ‘काही दुखत नाही हो, बाई.’ पहिल्याच चिमट्याला ते खोटे ठरते आणि पुढच्या शब्दावरचा विश्वासही जातो. उलट, भयसूचक शब्दही निरुपद्रवी नसतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, प्रसूतिसमयी पाठीत भूल देण्यापूर्वी काही स्त्रियांस मोठ्या मधमाशीच्या दंशाची उपमा ऐकविण्यात आली. इतरांस, जागा बधिर होऊन आराम वाटेल, असे सांगण्यात आले. पहिल्या गटाने अधिक वेदना नोंदविली. सुई तीच होती. हा प्रयोग तांबीवरचा नव्हे, हे खरे. परंतु भीती जितकी मोठी तितकी कळ तीव्र, हे तांबीच्या अभ्यासांतही आढळले आहे, आणि बसविणारे हात ती वेदना कमीच धरतात, हेही.

वस्तुतः मराठी येथे दरिद्री नाही. कळ, चमक, ठणका, मुरडा, ओढ : प्रत्येकाचा पोत निराळा. ‘आता पोटात पाळीसारखी कळ येईल आणि ओसरेल, हात वर केलात की मी थांबेन,’ ह्या वाक्यात सत्य आहे, अवधी आहे आणि स्त्रीच्या हाती लगामही आहे. सोलापुरात मात्र ते मराठीत सांगून भागणार नाही. विडी वळणाऱ्या अनेक कामगार स्त्रियांची घरची भाषा तेलुगू. शेजारी कन्नड व उर्दू. कळेला त्या काय म्हणतात, हे प्रथम त्यांनाच विचारावयास हवे.

शब्दांखेरीज सावकाश सोडलेला श्वास, ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी, सोबतिणीचा हात, संगीत, गर्भाशयमुख धरतेवेळी खोकणे हे उपाय सुचविले जातात. त्यांवरील प्रयोग लहान आणि निष्कर्ष संमिश्र आहेत. येथेच आमचा मुख्य आक्षेप. औषधाविना धीर देण्याचे हे प्रकार स्वस्त आहेत, म्हणूनच औषध नाकारण्याची ती सबब होण्याचा धोका आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२४ साली वेदनेविषयी आधी समुपदेशन करण्यास सांगितले, त्याचबरोबर लिडोकेनही उपयुक्त ठरू शकते, असे नमूद केले. गोड शब्द आणि बधिर करणारे औषध, यांत निवड स्त्रीची असावी. ती दवाखान्याच्या काटकसरीची नसावी.