श्रमाचे ईशज्ञान आणि बेकार मनुष्य

पोप जॉन पॉल दुसरे ह्यांचे श्रमविषयक परिपत्रक १४ सप्टेंबर १९८१ रोजी निघाले. चार महिन्यांनी, १८ जानेवारी १९८२ रोजी, मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यांतील हजारोंना गिरणीचे दार पुन्हा उघडले नाही. अशा मनुष्याजवळ बसून हे परिपत्रक वाचावे, असे आम्हांस वाटते.

श्रम मनुष्यासाठी, मनुष्य श्रमासाठी नव्हे, हा त्याचा गाभा निःसंशय मोलाचा आहे. बेकारांस निर्वाहापुरते साहाय्य देणे हे कर्तव्य होय, हेही तेथे स्वच्छ म्हटले आहे. परंतु नवव्या परिच्छेदात श्रमाने मनुष्याचे मनुष्यत्व वाढते असे प्रतिपादन येते, तेथे आम्ही अडखळतो. इंदूरच्या हुकुमचंद मिलच्या कामगारांची थकलेली देणी गिरणी बंद पडून तीन दशके लोटल्यावर, डिसेंबर २०२३ मध्ये, मार्गी लागली. तेवढी वर्षे ते उणे मनुष्य होते काय? लेखकाचा तसा आशय खचित नाही. पण १ मेच्या आमच्या प्रवचनांतून (ती बहुधा सुताराच्या रंध्याभोवतीच फिरतात) मागच्या बाकावरील बेकारास ऐकू येते ते हेच.

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देवाची प्रतिमा सत्ताविसाव्या वचनात येते, पृथ्वी सत्तेखाली आणण्याची आज्ञा अठ्ठाविसाव्यात. परिपत्रक ह्या दोहोंमध्ये पुरेसे थांबत नाही. मत्तयाच्या विसाव्या अध्यायात सायंकाळपर्यंत बाजारात उभे राहिलेले मजूर आळशी नव्हेत. त्यांना कोणी कामावर लावलेच नव्हते. धनी त्यांचे उत्तर ऐकून घेतो, दोष देत नाही, आणि तासाभराच्या कामाला दिवसाची मजुरी देतो. आमचे अनेक भाष्यकार मात्र येथे उशिरा पश्चात्ताप करणाऱ्यांविषयी बोलू लागतात आणि तो बाजार ओलांडून जातात.