दुसऱ्या प्रयोगासाठी दान

मुंबईच्या उपनगरांतली ख्रिस्ती रंगभूमी वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींत सापडत नाही. ती चर्चच्या आवारात, धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) सभागृहात, कॉन्व्हेंट शाळेच्या पटांगणात उभारलेल्या तात्पुरत्या मंचावर असते. चेंबूर हे तिचं नमुनेदार ठिकाण. गावठाणांतली ईस्ट इंडियन घरं, गोव्या-मंगळुरूहून आलेली कुटुंबं, तमिळ आणि मल्याळी ख्रिस्ती अशी सगळी मंडळी इथे एकाच परिसरात राहतात. अवर लेडी ऑफ पर्पेच्युअल सकरसारख्या चर्चभोवती त्यांचं सामुदायिक आयुष्य फिरतं. अशा धर्मग्रामांतून नाताळात येशूजन्माचा देखावा होतो, उपवासकाळात क्रुसाच्या वाटेचं सजीव सादरीकरण होतं, चर्चच्या सणाला एखादं कौटुंबिक नाटक बसतं. 1980 च्या दशकापासून मुंबई सरधर्मप्रांतात गल्लीगल्लीतून लघु ख्रिस्ती समूह उभे राहिले. त्यांनी बायबलमधल्या प्रसंगांवरच्या छोट्या नाटुकल्यांनाही जागा करून दिली.

या रंगभूमीचं अर्थकारण श्रद्धेवर चालतं. सभागृह फुकट मिळतं. झगे आणि शिरोवस्त्रं सोडॅलिटीच्या, म्हणजे चर्चच्या भक्तमंडळाच्या, बायका शिवतात, नेपथ्याचं लाकूडकाम एखादा सुतार संध्याकाळी कामावरून परतल्यावर करतो, गाणी चर्चच्या कॉयरची असतात. ध्वनियंत्रणेचं भाडं स्मरणिकेतल्या जाहिरातींतून निघतं, आणि त्यांतल्या कितीतरी जाहिराती दिवंगत आईवडिलांच्या स्मरणार्थ दिलेल्या असतात. उरलेली तूट हाऊझीचा (आकड्यांचा) खेळ आणि खाद्यपदार्थांचे स्टॉल भरून काढतात. कुणालाही मानधन नसतं. सरकारी अनुदान नाही, व्यावसायिक निर्माता नाही, तरीही वर्षामागून वर्षं पडदा उघडतो. मराठी हौशी रंगभूमीला हेवा वाटावा असं हे बळ आहे.

मग एवढ्या बळावर कला किती वाढली? उत्तर समाधानकारक नाही. समूहाची हालचाल या मंडळींना चांगली जमते, कारण ती मिरवणुकांतून अंगवळणी पडलेली आहे. संगीत तर बहुधा उत्तमच असतं. कच्चेपणा आहे तो संहितेत. पवित्र ग्रंथातली वाक्यं पात्रांच्या तोंडी जशीच्या तशी येतात, निवेदक प्रसंग सांगून टाकतो आणि नट तो पुन्हा करून दाखवतात. यहूदा प्रवेश करतानाच खलनायक असतो, त्यामुळे त्याच्या मनातला झगडा बघायलाच मिळत नाही. पेत्राने येशूला तीनदा नाकारलं हा जगातल्या कोणत्याही नाटककाराला खुणावणारा प्रसंग आहे. इथे तो दोन मिनिटांत आटोपतो. मरिया रडते, पण बोलत नाही. प्रेक्षकांचे डोळे पाणावतात, पण ते पाणी कथेच्या पुण्याईचं असतं, प्रयोगाचं श्रेय त्यात थोडं.

याचं खापर अनेकजण हौशीपणावर फोडतात. मला खरं कारण वेगळं दिसतं. दोन महिने तालमी करून बसवलेलं नाटक एका संध्याकाळी होतं आणि दुसऱ्या दिवशी झगे पेटीत जातात. दान मिळतं ते त्या एका संध्याकाळपुरतं. नाटक पक्कं होतं ते दहाव्या, पंधराव्या प्रयोगाला. कुठे प्रेक्षक चुळबुळले, कुठलं वाक्य पोचलं नाही, हे नटाला आणि लेखकाला तेव्हा कळतं. पहिल्याच प्रयोगाला संपणारी रंगभूमी दरवर्षी नव्याने पहिलीत बसते.

ख्रिस्ती परंपरेतलं जे सादरीकरण टिकलं, ते पुनरावृत्तीवर टिकलं. फादर थॉमस स्टीफन्स यांचं मराठी ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये राचोलला छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ गोव्याच्या चर्चमधून उपवासकाळात वर्षानुवर्षं गायला गेला आणि लोकांच्या कानात बसला. एकोणिसाव्या शतकात अहमदनगरकडे कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन रुजवलं, पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी तो वारसा चालवला. कीर्तनकार गावोगाव फिरे, त्यामुळे तेच आख्यान नव्या श्रोत्यांसमोर रोज तपासलं जाई.

तियात्राची, म्हणजे कोंकणी संगीतनाट्याची, गोष्ट तर मुंबईचीच. 17 एप्रिल 1892 रोजी, ईस्टरच्या रविवारी, लुकासिन्यो रिबेरो यांनी ‘इटालियन भुरगो’ रंगमंचावर आणला. त्यात काम करणारे जुआंव आगुस्तीन फेर्नांदिश पुढे ‘पाय तियात्रिस्त’, म्हणजे तियात्राचे जनक, म्हणून गौरवले गेले. ‘बेल ऑफ काव्हेल’मध्ये त्यांनी मुंबईतल्या गोवेकरांचं जगणं मांडलं; 1904 मध्ये पत्नी रेजिना यांना रंगमंचावर आणून स्त्री कलाकारांसाठी दार उघडलं. धोबीतलावच्या कुडांत, म्हणजे गोवेकरांच्या सामूहिक निवासांत, राहणारे खलाशी, आचारी, वादक हा या प्रयोगांचा प्रेक्षक. तो तिकीट काढून येई आणि आवडलं नाही तर उघड सांगे. पडद्यांमधली कांतारं, म्हणजे गाणी, राजकारण्यांपासून पाद्र्यांपर्यंत कुणालाही सोडत नसत. तियात्र श्रद्धाळू समाजाचं होतं, पण ते चर्चच्या अंगणापुरतं राहिलं नाही. गोव्यात आज त्याला स्पर्धा आहेत, 2009 पासून तियात्र अकादमी आहे, शेकडो प्रयोगांचा बाजार आहे. ज्या मुंबईत ते जन्मलं, तिथे मात्र बहुतेक प्रयोग गोव्याहून आलेल्या मंडळींचे असतात.

उपनगरांत वेगळी वाट काढण्याचे प्रयत्नही झाले. फादर जॉर्ज प्रोक्श यांनी अंधेरीच्या ज्ञान आश्रमातून ख्रिस्तकथा भारतीय संगीतात आणि नृत्यनाट्यात आणली. फ्रान्सिस बार्बोझा यांनी भरतनाट्यमचं रीतसर शिक्षण घेतलं आणि ख्रिस्ती आशयासाठी नव्या हस्तमुद्रा घडवल्या. हा अभ्यास धर्मग्रामांच्या मंचापर्यंत फारसा झिरपला नाही, कारण तिथे तो टिकवून धरणारा कायमचा संच नव्हता. उलट 1974 मध्ये दिग्दर्शक अलेक पदमसींनी ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ ही रॉक संगीतिका केली आणि नंदू भेंडे यांनी त्यात यहूदा रंगवला. विश्वासघात करणाऱ्या माणसाच्या मनात शिरण्याचं धाडस मुंबईत दिसलं ते असं चर्चच्या कुंपणाबाहेर.

श्रद्धेला हे धाडस परवडत नाही, असं नाही. बव्हेरियातल्या ओबरआमरगाव गावाने 1633 च्या प्लेगात नवस केला आणि 1634 पासून ते गाव ख्रिस्ताच्या दुःखसहनाचं नाटक करत आलं आहे, साधारण दर दहा वर्षांनी. कलाकार गावातलेच असतात. त्या संहितेत ज्यूंविषयी द्वेष आहे, अशी कठोर टीका विसाव्या शतकात झाली. 1990 पासून दिग्दर्शन करणाऱ्या ख्रिस्तियान श्टुकल यांनी ती टीका मनावर घेऊन संहिता टप्प्याटप्प्याने बदलली, येशूचं ज्यूपण ठळक केलं. नवस मोडला नाही आणि नाटक सुधारलं. आपल्याकडे प्रयोगानंतर आभारप्रदर्शन होतं, चर्चा होत नाही. फुकट राबलेल्या माणसांना दोष कसा दाखवायचा, हा संकोच मी समजू शकतो. पण ज्यांनी रक्त आटवलं, त्यांना खरं मत न देणं हा त्यांच्या कष्टांचा मान नव्हे.

चेंबूरला उदाहरणासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. इथल्याच फाइन आर्ट्स सोसायटीने 1962 पासून रसिकांच्या आश्रयावर अभिजात संगीत-नृत्याचं केंद्र उभं केलं. तिथे समाजाने एका कार्यक्रमाला पैसे देऊन हात झटकले नाहीत. वास्तू, वर्ग आणि सातत्य यांच्यामागे तो उभा राहिला.

ख्रिस्ती रंगभूमीला हेच करता येईल. कुर्ला ते मानखुर्द एवढ्या पट्ट्यातल्या धर्मग्रामांनी दरवर्षी वेगवेगळी नाटकं बसवण्याऐवजी एक चांगलं नाटक निवडावं आणि ते प्रत्येक सभागृहात न्यावं. झगे तेच, नेपथ्य तेच, खर्च वाटून घ्यायचा. देणगीदारांनी लेखकाला मानधन द्यावं, एका प्रशिक्षित दिग्दर्शकाला दोन महिने बोलवावं. भाषेचाही विचार व्हावा. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ने आजची वाहती मराठी समोर ठेवली आहे, ईस्ट इंडियन घरांतली बोली तर मुळातच नाट्यमय आहे. प्रमुख याजकाच्या अंगणात शेकोटीजवळ पेत्राला हटकणारी दासी त्या बोलीत बोलली, तर प्रसंग गावठाणातल्या ओट्यावर घडल्यासारखा वाटेल. आणि स्मरणिकेत जाहिरातींबरोबर संहिता छापावी, म्हणजे पुढच्या वर्षीच्या मंडळींना कोऱ्या कागदापासून सुरुवात करावी लागणार नाही.

दान करणारे हात या समाजात कधीच कमी पडले नाहीत. त्यांनी आता पहिल्या प्रयोगाच्या मांडवाबरोबर दुसऱ्या, पाचव्या, दहाव्या प्रयोगाचा प्रवासखर्चही उचलावा. पुढच्या नाताळची वर्गणी गोळा करायला समिती बसेल, तेव्हा हा एक विषय तिच्या पत्रिकेवर यायलाच हवा.