मुक्कामाचे मोल

प्रवासवर्णने आपल्याकडे उदंड झाली. मुक्कामाचे वर्णन मात्र क्वचितच कोणाला साधते. जपानी कवी बाशो याला ते साधले. इ. स. १६८९ मध्ये वादळामुळे तो डोंगरातल्या एका सीमारक्षकाच्या घरी अडकून पडला. त्या मुलखात घोडाही माणसांच्याच छपराखाली बांधत. त्या मुक्कामावरच्या त्याच्या हायकूत पिसवा आहेत, घोडा आहे. तक्रार मात्र नाही. पण 'ओकु नो होसोमिची'त मला अधिक मोलाचे वाटते ते पुढचेच. घाट अवघड, म्हणून यजमानाने एक धट्टाकट्टा तरुण सोबतीला दिला, हे कवी विसरला नाही.

तरीही बाशो पाहुणाच. वादळ ओसरले, तो निघाला. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'तला (१९५५) मास्तर धनगरांच्या वस्तीत राहतो, आणि दुष्काळ पडल्यावर त्याच्या डोळ्यांदेखत यजमानच घरे सोडून जातात. यजमानाचे दुःख पाहुण्याच्या पदरी पडते, तिथे मुक्कामाची कादंबरी होते.

माझ्या पहिल्या नेमणुकीच्या गावातले ढेकूण मला अजून आठवतात. अंथरूण घालून देणाऱ्या म्हातारीचे नाव आठवत नाही.