न्याहारीची कृति आणि आठवणींची फोडणी

आपल्या मराठी वाङ्मयांत गेल्या कांहीं वर्षांत एक लेखनप्रकार चांगलाच रुजला आहे. त्यास पाकशास्त्र म्हणावें तर त्यांत कृतीपेक्षां गहिंवर अधिक. आत्मचरित्र म्हणावें तर त्यांत मीठमिरचीचीं मापें. घरच्या एखाद्या पदार्थाची, आणि विशेषतः सकाळच्या न्याहारीच्या पदार्थाची, कृति द्यावयाची आणि तिच्या आगेंमागें आई, आजी, चूल व गांवाकडील पहांट यांच्या आठवणी गुंफावयाच्या, असें त्याचें सामान्य स्वरूप आहे. वृत्तपत्रांच्या पुरवण्या, दिवाळी अंक व स्वतंत्र पुस्तकें या सर्वांत तो आढळतो आणि वाचकांस तो आवडतो. जें आवडतें त्याची परीक्षा करूं नये असा नियम नसल्यामुळें, या प्रकाराचे गुणदोष येथें थोडे तपासून पाहावे असा आमचा विचार आहे.

आठवणींनीं न्याहारीलाच विशेष बिलगावें, यास कारण आहे. सणाचें पक्वान्न सर्वांचें असतें. होळीला पुरणपोळी व चतुर्थीला मोदक हें रूढीनें ठरविलेलें; त्यांत गृहिणीला निवड फारशी नाहीं. न्याहारीला मात्र असें शास्त्र नाहीं. डब्यांत कोणतें पीठ उरलें आहे, रात्रींचें काय शिल्लक आहे, ताक किती आंबलें आहे आणि मुलांची शाळा किती वाजतां आहे, यांवरून ती ठरते. म्हणून शेजारच्या दोन घरांची पुरणपोळी एक वेळ सारखी निघेल. थालीपीठ निघणार नाहीं. फारशींतून आपल्याकडे आलेल्या ‘नाश्ता’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘सकाळपासून कांहीं न खाल्लेला’ असा आहे. उपाशीपणाचें नांव अन्नाला मिळालें! सणाचें जेवण समाजाचें असतें. न्याहारी घराची असते. घराचा इतिहास शोधावयाचा तर तो तिच्यांतच सांपडावयाचा.

तथापि हा इतिहास आपल्या छापील पाकग्रंथांनीं फारसा टिपला नाहीं, आणि तो त्यांचा दोषहि नव्हे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें ‘सूपशास्त्र’ १८७५ सालीं निघालें. लक्ष्मीबाई धुरंधर यांचें ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ हें पुस्तक १९१० सालचें. त्याच्या नांवांतच त्याची प्रतिज्ञा आहे. पुढें १९७० सालीं कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ आली आणि तिनें वाटी-चमच्याचें माप मराठी घरांत कायमचें बसविलें. ज्या मुलीला ‘अंदाजानें घाल’ म्हणून सांगणारी सासू किंवा आई शेजारीं नव्हती, जी मुंबईच्या दोन खोल्यांत किंवा परदेशांत एकटी संसार मांडीत होती, तिच्यावर या मापानें केवढे उपकार केले! या लेखिका आठवणी सांगत बसल्या नाहींत. त्यांची भाषा कोरडी आहे. परंतु तो कोरडेपणा जाणत्या माणसाचा आहे. स्वतः चुलीपुढें उभी राहणारी स्त्री ‘मंद विस्तवावर’ एवढेंच म्हणते, कारण त्या दोन शब्दांत काय काय आलें हें तिला ठाऊक असतें.

आतां नव्या प्रकाराकडे वळूं. त्यांतील पहिला दोष ठराविकपणाचा. ‘आजीच्या हातची चव’ हे शब्द आतां इतके घासले गेले आहेत कीं, त्यांतून कोणाचीच आजी दिसत नाहीं. लाजाळू नायिकेप्रमाणें हीहि आजी सर्व लेखांत एकच असते: नऊवारी लुगडें, हातांत पळी, मुखीं स्तोत्र. ती कोणत्या गांवची, तिला तिखट आवडे कीं गुळमट, तिला स्वतःला न्याहारी केव्हां मिळे, हें मात्र लेखक सांगत नाहीं.

दुसरा दोष प्राचीनतेच्या हव्यासाचा. आपल्या घरचा पदार्थ ‘पिढ्यान्‌पिढ्यांचा’ आहे असें म्हटल्यावांचून या लेखकांचें समाधान होत नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकांतील ग्रंथांत ‘इडरिका’ हा उडदाचा पदार्थ आहे. पण त्या पाकशाळेंत तिखटपणासाठीं मिरीं होतीं, मिरची नव्हती. मिरची, बटाटा, शेंगदाणा आणि ज्या कंदाचा साबुदाणा होतो तो कंद, हीं सर्व अमेरिका खंडाचीं. पोर्तुगीजांच्या आगमनानंतर तीं आपल्याकडे आलीं. म्हणजे बटाटा, मिरची व दाण्याचें कूट घातलेली आपली उपासाची साबुदाण्याची खिचडी जवळजवळ सबंध परदेशी आहे. त्यानें तिची गोडी तिळमात्र कमी होत नाहीं. कमी होतो तो केवळ खोटा अभिमान. उलट, परकें धान्य आपलेंसें करून घेणें हें आपल्या स्वयंपाकघराचें खरें कर्तृत्व आहे. १९४३ सालीं मुंबईंत शिधावाटप सुरू झालें, १९७२ च्या दुष्काळांत अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी व कामावरची सुकडी आली. त्या त्या वेळीं हातीं आलेल्या धान्यापुढें गृहिणीला आपली रीत बदलावी लागली. अशा आठवणी मात्र ‘पारंपरिक’ या शब्दाखालीं सहज दडपल्या जातात.

तिसरा दोष आम्हांस सर्वांत गंभीर वाटतो. या लेखनांतील आठवण बहुधा खाणाराची असते, करणाराची नसते. मार्सेल प्रूस्त या फ्रेंच कादंबरीकारानें चहांत बुडविलेल्या केकच्या तुकड्यावरून सबंध बालपण परत आणलें, हें १९१३ सालापासून जगास ठाऊक आहे. परंतु तो केक कोणी व कसा भाजला, हें सांगण्याचें त्यास कारण पडलें नाहीं. कादंबरीला तें शोभतें. जो लेख कृति शिकविण्याची प्रतिज्ञा करतो त्यास तें शोभत नाहीं. फोडणीच्या पोळीचें उदाहरण घ्या. कोणी तिला कुस्करा म्हणतो. कांदा, हिरवी मिरची, हळद व वर पिळलेलें लिंबू यांनीं ती फार खमंग होते, यांत वाद नाहीं. मुलाची आठवण येथें संपते. परंतु ती पोळी रात्रीं उरली कां, शिळें खाण्याची पाळी घरांत एरव्हीं कोणावर येत असे, आणि तें शिळें मुलांनीं हौसेनें खावें म्हणून फोडणीचा हा उपाय कोणाला सुचला, हा तिचा दुसरा अर्धा भाग आहे. तो सांगितल्यावांचून खमंगपणाचें वर्णन म्हणजे मजुरी न देतां केलेली स्तुति होय. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रें’चा पहिला भाग १९३४ सालीं निघाला. घरकामाचा भार ज्यांच्यावर पडतो त्यांच्या बाजूनें घर कसें दिसतें, हें त्यांनीं विनोद न सोडतां व कांहीं न लपवितां दाखविलें. तो धडा आजच्या आठवणीकारांनीं गिरविण्यासारखा आहे.

मग पाककृतींत आठवणींस जागाच नाहीं काय? आमचें तसें म्हणणें नाहीं. आमच्या मतें कसोटी एक आहे: जी आठवण काढून टाकली असतां पदार्थ बिघडेल, ती कृतीचा भाग, जी काढल्यानें कांहीं बिघडणार नाहीं, ती वरची कोथिंबीर. तांदळाच्या उकडीला आंबट ताक लागतें. घरीं दुभतें होतें, रोज ताक उरे आणि तिसऱ्या दिवशीं तें पिण्याजोगें राहत नसे, म्हणून उकड होई, ही आठवण कोणी ‘पाल्हाळ’ म्हणून गाळील तर वाचक गोडें ताक घालील आणि उकड मिळमिळीत होईल. येथें गाय ही कृतींतील एक जिन्नसच आहे. भाजणीचें धान्य आई वेगवेगळें भाजी, कारण बाजरी लवकर होते व हरभऱ्याची डाळ मागें राहते. एकत्र भाजलीं तर एक करपतें आणि दुसरें कच्चें राहतें. हीहि आठवण कृतीचीच. कोंकणांतील दडप्या पोह्यांना ओल्या खोबऱ्याचा व शहाळ्याच्या पाण्याचा ओलावा पुरतो. परसांत माड असलेल्या घरची ती रीत आहे, हें न सांगतां ती कृति देशावर नेली तर पातळ पोहे कोरडेच राहतात. गोमंतकांत नरकचतुर्दशीच्या सकाळीं दुधाचे, ताकाचे, नारळाच्या रसांतले असे अनेक प्रकारचे पोहे होतात. तेथें तर सबंध पंगतीची आठवण असल्यावांचून एका प्रकाराला अर्थच येत नाहीं. याच्या उलट ‘भाजणी भाजतांना घरभर वास दरवळे’ हें वाक्य गोड आहे, पण तें कोणत्याहि घराला लागू पडेल.

भरतानें नाट्यांतील रस समजावून देतांना स्वयंपाकाचाच दृष्टान्त घेतला: निरनिराळीं द्रव्यें यथायोग्य मिळालीं म्हणजे रस निष्पन्न होतो. गहिंवर हें एकच द्रव्य कितीहि घातलें तरी त्यापासून रस होत नाहीं. त्यास माहितीचें मीठ व कारणाचा आंबटपणा लागतो.

हा केवळ वाङ्मयाच्या रुचीचा प्रश्न असता तर आम्ही इतकें लिहिलें नसतें. परंतु एकत्र कुटुंबें मोडलीं, जातें व पाटा गेला, भाजणी पुडींत मिळूं लागली. ज्या स्त्रियांना कारणें ठाऊक आहेत त्या आतां ऐंशीच्या घरांत आहेत. सणाच्या पक्वान्नांस रूढि सांभाळील. न्याहारीला कोणी वाली नाहीं. ती एका स्वयंपाकघरांत जन्मते आणि बहुधा तेथेंच संपते. म्हणून सुशिक्षित कुटुंबांस आमची सूचना एवढीच कीं, घरची वही लिहावयास घेतली तर ती खाणारानें नव्हे, करणारीच्या तोंडून लिहावी. माप विचारावें, मापाहून अधिक ‘असें कां?’ हें विचारावें. तिला कोणता पदार्थ करण्याचा कंटाळा येई, कोणता तिनें शेजारणीकडून घेतला, कोणता टंचाईंत सुचला, हें विचारावें; आणि कृतीच्या डोक्यावर ‘आजीचें थालीपीठ’ असें न लिहितां त्या आजीचें नांव लिहावें. ग्रंथाला कर्त्याचें नांव असतें. मग कृतीलाच कर्त्रीचें नांव कां नसावें?