दहा मिनिटांचा राग : वऱ्हाडातील संगीताचा विद्यार्थी आणि साथीचा प्रश्न

विद्यापीठीय युवा महोत्सवांतील शास्त्रीय गायनाच्या फेऱ्या ऐकल्या, की दहा मिनिटांचा राग हा एक स्वतंत्र गायनप्रकारच आता रूढ झाला आहे, हे मान्य करावे लागते. भारतीय विश्वविद्यालय संघाच्या महोत्सवात एकल शास्त्रीय गायनाला दहा मिनिटे, सुगम गायनाला चार ते सहा मिनिटे आणि गायकाबरोबर दोन साथीदार अशी चौकट आहे, आणि खालच्या पातळीवरच्या तयारीलाही तीच चौकट वळण लावते. विलंबित एकतालाची एक मात्रा चार सेकंदांची धरली, तर बारा मात्रांचे आवर्तन ४८ सेकंदांत पुरे होते. शेवटची तीन मिनिटे द्रुत बंदिशीसाठी राखून ठेवली, तर बड्या ख्यालाच्या वाट्याला जेमतेम आठ आवर्तने येतात. त्यांतले पहिले स्थायी मांडण्यात जाते, दुसऱ्या-तिसऱ्यात मंद्र सप्तकापासून मध्य पंचमापर्यंतची वाट उरकावी लागते, चौथ्यात तार षड्ज गाठून अंतरा उचलावा लागतो आणि उरलेल्या चारांत सरगम, बोलतान, गमक, सपाट तान असे सारे परीक्षकांच्या कानांवर घालून मोकळे व्हावे लागते. बढत, म्हणजे एकेका स्वरावर मुक्काम करून रागाचे रूप क्रमाक्रमाने उलगडत नेणे, हा ख्यालाचा प्राण आहे, आणि नेमका तोच या हिशेबात बसत नाही. मुलांची तयारी कमी आहे असे मुळीच नाही; त्यांचे गळे फिरतात, समा अचूक येतात, आणि म्हणूनच ही तयारी कुठे खर्ची पडते आहे ते पाहून मन अस्वस्थ होते.

मेळघाटाच्या पायथ्याच्या परतवाड्यासारख्या गावातून पदवीला संगीत घेणाऱ्या विद्यार्थ्यापुढे अशा महोत्सवाखेरीज दुसरे व्यासपीठ क्वचितच असते. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांचे विद्यापीठ १९८३ साली स्थापन झाले, संलग्न महाविद्यालयांतून कला शाखेला संगीत हा विषय घेता येऊ लागला, आणि त्यामुळे पुण्यामुंबईला न जाता संगीताची पदवी मिळवण्याची सोय झाली, हे उपकार कोणी नाकारणार नाही. परंतु विषय मिळणे आणि त्या विषयाला लागणारा आधार मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीविषयी बोलण्याची वेळ केव्हाच येऊन ठेपली आहे.

पलुस्कर आणि भातखंडे यांच्या परंपरेतून आलेल्या परीक्षापद्धतीविषयी नव्याने सांगण्यासारखे काही नाही. प्रारंभिकपासून विशारद-अलंकारपर्यंतची गांधर्व महाविद्यालय मंडळाची शिडी गावोगाव पोहोचली, तिने निदान स्वरलिपी वाचता येणारा वर्ग तयार केला. मात्र दहावीला शास्त्रीय कलांचे वाढीव गुण मिळू लागल्यापासून या परीक्षांकडे वळणाऱ्यांपैकी कितीजण गुण पदरात पडल्यावर गाणे चालू ठेवतात, हे कोणत्याही शिक्षकाला विचारून पाहावे. दूरचित्रवाणीवरील गानस्पर्धांचा येथे विचार करण्याचे कारण नाही. कराओकेवर बेतलेल्या ‘गायन अकादम्या’ हा संगीतशिक्षणाचा भागच नव्हे.

शिष्यवृत्त्यांचा विचार थोडा अधिक करावा लागतो, कारण ‘संधी’ या शब्दाने सामान्यतः त्याच अभिप्रेत असतात. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची १८ ते २५ वयोगटातील युवा कलावंतांसाठीची शिष्यवृत्ती दोन वर्षे दरमहा ५,००० रुपये देते आणि तिच्यासाठी गुरूकडे किंवा संस्थेत किमान पाच वर्षे शिकल्याची अट आहे. कोलकात्याची संगीत रिसर्च अकादमी निवडक शिष्यांना गुरूच्या सान्निध्यात राहण्याची सोय देते. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात गुरुकुल पद्धतीने शिकता येते. खैरागढला १९५६ पासून संगीताला आणि इतर कलांना वाहिलेले विद्यापीठ आहे. या सर्व व्यवस्था चांगल्या आहेत आणि वऱ्हाडातील जो विद्यार्थी तेथवर पोहोचतो त्याचे भले होते. पण त्यांचा समान धर्म असा, की त्या एकट्याला हेरतात, एकट्याला उचलतात आणि पुष्कळदा त्याला दूर नेतात; मागे राहिलेल्या पंधरा-वीस जणांच्या वर्गाला, त्या वर्गाच्या तबलजीला आणि त्या गावाच्या श्रोत्याला त्यांतून काही मिळत नाही. गुणवंताला गावाबाहेर काढणे हाच ज्या धोरणाचा कळस आहे, ते धोरण प्रदेशातील कलेचे पोषण करते असे म्हणता येणार नाही.

वऱ्हाडातल्या मूर्तिजापुरात १९२० साली जन्मलेल्या गायक वसंतराव देशपांडे यांचे उदाहरण या संदर्भात नेहमी अभिमानाने दिले जाते, आणि अभिमान योग्यच आहे. मात्र वसंतरावांच्या गळ्यावर संस्कार झाले ते नागपूरला शंकरराव सप्रे यांच्याकडे आणि पुढे लाहोरला असद अली खाँ यांच्याकडे. पोटापाण्यासाठी लष्कराच्या लेखा विभागातील नोकरी त्यांनी वर्षानुवर्षे केली आणि ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक १९६७ मध्ये रंगभूमीवर आले तेव्हा त्यांनी पंचेचाळिशी ओलांडली होती. त्यांच्या नावाचे सभागृहही नागपुरात आहे. ज्या प्रदेशाने असा गायक जन्माला घातला, त्या प्रदेशाने आपल्या आजच्या विद्यार्थ्याला घरापासून तासा-दोन तासांच्या अंतरावर काय दिले, हा प्रश्न त्या अभिमानातच दडलेला आहे.

या प्रश्नाचा केंद्रबिंदू साथ हा आहे. ख्याल हे एकट्याचे गाणे नाही. ते तबल्याच्या ठेक्याशी, संवादिनीच्या पाठीशी उभे राहण्याशी आणि तानपुऱ्याच्या अखंड षड्ज-पंचमाशी बांधलेले गाणे आहे. संगीत विभागात एक प्राध्यापक आणि तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर, मिळाला तर एक तबलावादक, एवढ्या मनुष्यबळावर पदवीच्या तिन्ही वर्षांचे विद्यार्थी सांभाळायचे असतील, तर विद्यार्थ्याचा बहुतेक रियाझ मोबाइलमधल्या तानपुऱ्यावर आणि तालाच्या यंत्रावर होणार, यात नवल नाही. यंत्राचा ठेका चुकत नाही, आणि विद्यार्थ्याचे नुकसान तेथेच होते. गायक किंचित रेंगाळला तर तबलजी त्याला सांभाळून घेतो, तो सुटला तर नजरेने सम दाखवतो, त्याच्या बोलबाटाला तिहाईने उत्तर देतो. लय ही दोघांनी मिळून धरायची गोष्ट आहे, हे त्या देवघेवीतूनच अंगी मुरते. तानपुऱ्याचेही तसेच. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवत सरकवत जवारी खुलवणे, खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप बोलू लागेपर्यंत कान लावून बसणे, हे ज्याने कधी केलेच नाही, त्याच्या गंधाराला ठाव मिळणार कसा? मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले याचा सर्वांना आनंद झाला. पण दोन बरे तानपुरे आणि त्यांची वर्षातून एकदा जवारी काढून देणारा कारागीर ही प्रत्येक संगीत विभागाची प्राथमिक गरज आहे, असे कोणत्या अंदाजपत्रकात लिहिलेले असते?

या दृष्टीने नागपूरच्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रासारख्या केंद्रांमार्फत चालणारी गुरुशिष्य परंपरा योजना विशेष महत्त्वाची ठरते, कारण तिच्यात गुरू आणि शिष्य यांच्याबरोबर साथीदारालाही मासिक मानधन आहे. ज्याने ही योजना आखली, त्याला संगीत कसे शिकले जाते हे नेमके ठाऊक होते. तिचा रोख दुर्मीळ आणि लोप पावणाऱ्या कलाप्रकारांकडे आहे. तरीही तिचे तत्त्व महाविद्यालयांच्या संगीत विभागांनी उचलले असते, तर अर्धी लढाई जिंकली असती.

परतवाड्याला ही साथ खरोखर कोठे आहे, याचे उत्तर विद्यापीठाच्या कक्षेबाहेर मिळते. १९०९ साली अमरावती जिल्ह्यातील यावलीत जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज उभारला, १९५५ मध्ये जपानच्या विश्वधर्म परिषदेपर्यंत आपले भजन नेले, आणि त्यांच्यामागे जी खंजिरी भजनाची परंपरा उभी राहिली ती आज वऱ्हाडातील गावोगावच्या मंडळांत जिवंत आहे. खंजिरी म्हणजे एका बाजूला कातडे मढवलेले लाकडी कडे आणि त्याच्या खाचांत बसवलेल्या धातूच्या चकत्या; ती मुख्य गायकाच्या स्वतःच्या हातात असते. तो ओळ म्हणतो, मागची मंडळी ती उचलतात, तोवर त्याचा हात कहरव्याची लय वाढवतो, थोपवतो, ओळ संपता संपता एका थापेने सगळ्यांना ध्रुवपदावर आणून सोडतो. कातडे सैल पडले तर ते शेकून पुन्हा सुरावर आणण्याचे कामही त्याचेच. गळा आणि लय एकाच देहात सांभाळण्याचे असे शिक्षण कोणत्याही वर्गात मिळत नाही, आणि ते रात्रीच्या दोन-दोन तासांच्या भजनात, श्रोत्यांच्या साक्षीने, विनाशुल्क मिळते. दहा मिनिटांत रागाची सोडवणूक करायला शिकलेल्या विद्यार्थ्याला श्रोत्याला तासभर धरून ठेवणे म्हणजे काय, हे शिकवणारी याहून चांगली शाळा त्याच्या परिसरात नाही.

परतवाड्याहून घाट चढला की मेळघाट लागतो. तेथील कोरकू समाजाची भाषा मुंडा कुळातील, म्हणजे मराठीशी नाते नसलेली; होळीच्या दिवसांत फगव्याच्या निमित्ताने तेथे ढोल आणि बासरीवर जे चालते, त्यातील लयीचे आघात एकतालाच्या किंवा त्रितालाच्या मोजणीत सहज बसवता येत नाहीत. युवा महोत्सवातील लोकवाद्यवृंदात हाच ढोल काही मिनिटांसाठी रंगीत पोशाखासह येतो आणि परत जातो. तो वाजवणारा माणूस मात्र संगीत विभागाच्या दारात शिक्षक म्हणून येत नाही. अशोक दा. रानडे यांनी आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम अशा संगीताच्या कोटी मांडून त्या प्रत्येकीची स्वतःची शिक्षणपद्धती आणि स्वतःचा श्रोता असतो, हे दाखवून दिले. रानडे अभ्यासक्रमाच्या वाचनयादीत मानाने विराजमान आहेत. प्रात्यक्षिकाची परीक्षा मात्र अजूनही प्रामुख्याने एकाच कोटीची होते.

संत गाडगेबाबांच्या नावाचे अमरावतीचे विद्यापीठ आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाचे नागपूरचे विद्यापीठ, या दोन्ही नावांमागची माणसे लोकांपुढे गाऊन उभी राहिली. एकाने कीर्तनातून स्वच्छतेचा आणि शिक्षणाचा आग्रह धरला, दुसऱ्याने भजनातून ग्रामरचनेचा. त्यांच्या गायनपद्धतीला संगीताच्या पदवीत मध्यवर्ती स्थान असावे, ही मागणी म्हणजे प्रादेशिक अस्मितेचा हट्ट नव्हे. लोकांपुढे गाण्याची जी विद्या या भूमीत शंभर वर्षे घडत आली, तिच्याकडे पाठ फिरवून संगीत शिकवणे हे अपुरे शिक्षण आहे.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की त्यामुळे शास्त्रीय संगीताची पातळी घसरेल. हा आक्षेप घेणाऱ्यांनी देवासला जाऊन राहिलेल्या कुमार गंधर्वांचे स्मरण ठेवावे. आजारपणाच्या दीर्घ काळात कानावर पडलेल्या माळव्याच्या लोकधुनांतून त्यांनी धुनउगम राग घडवले, आणि त्यामुळे ख्यालाची पातळी घसरली असे आजवर कोणी सिद्ध केलेले नाही. कोरकू वस्ती माळव्याला लागून असलेल्या निमाड-बैतुलपर्यंत पसरलेली आहे, आणि मेळघाटाच्या पायथ्याशी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला जे घराबाहेर पडताच ऐकू येते ते ऐकण्यास मनाई करून पातळी राखली जात असेल, तर ती पातळी परीक्षेपुरतीच आहे.

दुसरा आक्षेप रोजगाराचा आहे आणि तो गंभीर आहे. शाळांतील पूर्णवेळ संगीतशिक्षकाच्या जागा विरळ झाल्या. शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या शंभराहून अधिक पटाच्या शाळांसाठी कलेचा निदेशक सांगितला, तोही अंशकालीन. आकाशवाणीची स्वरचाचणी प्रतिष्ठा देते, वेतन देत नाही. प्राध्यापक होण्यासाठी नेट उत्तीर्ण झालेला उमेदवारही तासिका तत्त्वावर अडकून पडतो. या स्थितीत पदवीधराला उपयोगी पडेल ते ज्ञान अनेक प्रकारचे हवे : साथ करता येणे, मंडळ बांधता येणे, शाळेतील चाळीस मुलांकडून समूहगान बसवून घेता येणे. दहा मिनिटांचा मारवा यांपैकी कोठेच कामाला येत नाही.

आणि यासाठी नवा कायदा लागत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्याने आखलेल्या पदवीच्या रचनेत कार्यप्रशिक्षणाचे चार श्रेयांक आहेत. प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला तीस तास या प्रमाणाने ते १२० तास होतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये औपचारिक पदवीची अट न घालता अनुभवी व्यावसायिकांना ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ म्हणून घेण्याची वाट मोकळी केली आणि पुढे कलावंत-कारागिरांना संस्थेत निवासी म्हणून बोलावण्याची मार्गदर्शक तत्त्वेही दिली. म्हणजे मेळघाटातील ढोलवादकाला महिनाभर महाविद्यालयात बसवता येते, आणि विद्यार्थ्याला ते १२० तास एखाद्या भजनमंडळात, तबलजीच्या शेजारी किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेतील समूहगानात घालवता येतात. मुलींना रात्रीच्या भजनाहून परतताना शेवटच्या एसटीची चिंता असते, तर महिला मंडळांची दुपारची भजने आहेत, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईची गाणी आहेत. राहतो एकच मुद्दा, की त्या तासांच्या नोंदवहीवर सही कोणाची चालेल. एखाद्या कार्यालयाच्या व्यवस्थापकाची सही चालत असेल आणि चाळीस वर्षे खंजिरी वाजवणाऱ्या भजनगायकाची चालत नसेल, तर अभ्यासमंडळाने त्याचे कारण लेखी द्यावे.